तापाची हजेरी

मुल्लाणी सिस्टर फौंड्रीच्या गेटवर उभ्या राहिल्या की येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघायच्या नाहीत, पायांकडं बघायच्या. सायकलवरून, मोटारसायकलवरून माणूस उतरतो कसा, यावर त्यांचं लक्ष. धडधाकट माणूस सीटवरून टांग फिरवतो आणि चालायला लागतो. अंगात ताप असलेला गाडीच स्वतःकडं कलती करतो, पाय ओढून काढतो आणि उतरल्यावर घटकाभर हँडल धरून थांबतो. सिस्टरना तेवढं पुरायचं.

"ए, इकडं ये. पोटऱ्या दुखत्यात न्हवं तुझ्या?"

माणूस न्हाय म्हणायचा. सगळेच न्हाय म्हणायचे. सिस्टर त्याला आत नेऊन काखेत थर्मामीटर लावायच्या आणि पारा शंभराच्या वर गेलेला असायचा. मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य, वाळूचे साचे भरणाऱ्या मोल्डिंगच्या यंत्रांच्या गोंगाटावरूनही ऐकू जाईल अशा आवाजात : "ताप म्हंजे काय चोरी हाय व्हय रं? लपवतोस कशापायी?"

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत मी टाइम ऑफिसला आहे. हजेरी, रजा, शिफ्टच्या पाळ्या हे माझं काम. माझ्या खिडकीसमोरच सिस्टरची खोली होती. पाटीवर 'प्रथमोपचार कक्ष' लिहिलेलं, पण सगळे दवाखानाच म्हणायचे. हात भाजला, पायावर कास्टिंग म्हणजे ओतलेला लोखंडी भाग पडला, डोळ्यात कण गेला, की माणूस तिथं. कोल्हापुरातलं एक प्रसूतिगृह बंद पडलं तेव्हा सिस्टर तिथून आमच्याकडं आल्या. वीस वर्षं बाळंतिणींत काढलेली ही बाई लोखंड वितळवणाऱ्या बाप्यांत कशी टिकणार, असं आम्हाला वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका आडदांड हमालाला, जखम धुताना तो ओरडला म्हणून, "बायका पोरं काढत्यात, आन् तुला एवढं सोसवंना?" असं सुनावलं आणि आमची काळजी मिटली.

बुटक्या, रुंद, पांढऱ्या साडीवर बारा महिने निळा स्वेटर. भट्टीच्या कारखान्यात स्वेटर! विचारलं तर म्हणायच्या, "खिसं कुठनं आणू मग?" त्या खिशांत चष्म्याच्या जुन्या घरात कापसात गुंडाळलेला थर्मामीटर, कात्री, लिमलेटच्या गोळ्या असं सगळं असायचं. कोल्हापूरच्या बायकांसारखं त्याही स्वतःला 'मी येतो, मी जातो' म्हणायच्या. कामगारांना साखर कमी करा म्हणून सांगायच्या आणि स्वतःला मधुमेह असून चहात दोन चमचे घालायच्या. त्याबद्दल बोललेलं चालायचं नाही. एकूणच, त्यांच्या चुकीबद्दल बोललेलं त्यांना चालायचं नाही.

कामगारांना सुई टोचून घेण्याची मोठी हौस. साधी सर्दी झाली तरी दंड पुढं करायचे. सिस्टर दंड खाली ढकलायच्या. "सुई म्हंजे परसाद न्हवं मागंल त्याला वाटायला." खोकला मात्र त्या कान देऊन ऐकायच्या. फौंड्रीत वाळूची धूळ असते, त्यामुळं सगळेच थोडंफार खोकतात. सिस्टर म्हणायच्या, "ह्यो वाळूचा. आन् ह्यो घरनं आणल्याला." घरनं आणलेला खोकला ओळखण्यात मी त्यांना चुकलेलं पाहिलं नाही.

पण खोकला घरनं येतो म्हणजे कुठनं येतो, हे त्यांना कळलं ते स्वाइन फ्लूच्या वर्षी.

त्या वर्षी पुण्याच्या बातम्या यायला लागल्या आणि इथं लोकांनी तोंडाला रुमाल बांधले. कुणी कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी गळ्यात अडकवली. सिस्टर त्याला हसल्या नाहीत. "बांध की, वास चांगला हाय. पर खोकताना तोंडावर फडकं धर," एवढंच म्हणायच्या. मोल्डिंगच्या लाइनवर ओडिशाचा दयानिधी नावाचा कामगार होता, पंचविशीतला, ठेकेदाराकडचा. त्याला गेटवरच सिस्टरनी पकडलं. एकशे दोन ताप. तो रडकुंडीला आला, कारण ठेकेदाराच्या माणसाचा दिवस बुडाला की बुडाला. सिस्टरनी ऐकलं नाही.

"पाच दिस घरात झोपायचं. हितं दिसलास तर तंगडं मोडीन. भरपूर पाणी पी, आन् दम लागला तर तडक सरकारी दवाखान्यात जा. कळलं?"

"कळलं, सिस्टर."

सहाव्या दिवशी दयानिधी हजर झाला, थोडा वाळलेला पण बरा. सिस्टर खूश. मला म्हणाल्या, "बघ चौगुले, सुई न्हाय, काय न्हाय. पडून ऱ्हायला आन् बरा झाला."

त्यानंतर आठवडाभरात एका दुपारी दयानिधी माझ्या खिडकीशी आला. लांबच उभा राहिला.

"साहेब, सुट्टी पाहिजे. भागीरथी काका गेला."

सिस्टर माझ्याकडं चहाला आल्या होत्या. "कोण भागीरथी?"

"माझ्या रूमवरचा. शेजारच्या कंपनीत वॉचमन होता."

"कशानं गेला?"

"ताप आला होता. मला होता तसाच."

ड्यूटी सुटल्यावर सिस्टर माझ्या मोटारसायकलवर बसल्या आणि आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. गावाच्या कडेला एका घराच्या मागं पत्र्याची खोली होती. आत सात वळकट्या आणि माणसं तेरा. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच अंथरुणात पडायचा. एक खिडकी होती, ती धूळ येते म्हणून खिळे मारून बंद केलेली. भागीरथी काका (ओडिशात हे नाव पुरुषांचंही असतं) साठीचा, वॉचमन होण्याआधी फेटलिंगला होता. म्हणजे तयार कास्टिंग घासून साफ करायचं काम, सगळ्यात धुळीचं. त्याची छाती आधीच गेलेली. दयानिधीनं आजारातले पाच दिवस त्याच्या शेजारी काढले होते. काकानंच त्याला पेज करून पाजली होती. मग काका पडला. दवाखान्यात गेलेला परत येत नाही असं कुणीतरी सांगितल्यामुळं तो तीन दिवस खोलीतच राहिला, आणि नेला तेव्हा उशीर झाला होता.

आम्ही पोचलो तेव्हा घरमालक अंगणात उभा राहून उरलेल्यांचं सामान बाहेर काढायला लावत होता. मला बघून म्हणाला, "पावणं, तुमी कंपनीचं का? बरं झालं आला. ह्यास्नी घिऊन जावा. आजच्या आज खोली मोकळी पायजे."

सिस्टर पुढं झाल्या. "कुठं घिऊन जाऊ?"

"ते मला काय म्हाईत? माझ्या घरात मड्याचा ताप नगो."

"मानसं हायत ती! भाडं घेताना बरं ग्वाड लागतंय—"

"ओ बाई," घरमालकाचा आवाज एकदम फुटला, "वर माझी पोरगी बाळंतपणाला आल्या. आठवा म्हयना हाय. काय झालं तर तुमी भरून देणार हायसा?"

मी सिस्टरना भांडणात अशा मध्येच थांबलेल्या पहिल्यांदा पाहत होतो. त्यांनी वर बघितलं. गॅलरीत एक पोटुशी मुलगी कठड्याला धरून सगळं ऐकत होती.

"कितवं?" सिस्टरनी खालूनच विचारलं.

"पैलंच."

"हलतंय न्हवं चांगलं?"

"व्हय."

"पायाला सूज?"

असं पाच मिनिटं अंगणातून गॅलरीत बोलणं चाललं. सिस्टर पायरीवर चढल्या नाहीत. मग त्या घरमालकाकडं वळल्या, आणि आता आवाज अगदी वेगळा होता. मुलीला खाली उतरू देऊ नका म्हणाल्या. नळ एकच आहे, तर सकाळी आधी तुम्ही भरा, ही माणसं नंतर भरतील. खिडकीचे खिळे काढा. कुणाला ताप आला तर मला निरोप द्या, मी स्वतः येतो. "पंधरा दिस द्या. पंधरा दिसांनी मीच ह्यास्नी हलवतो."

घरमालक खिळे काढायला पक्कड आणायला आत गेला.

परत येताना मी त्याला नावं ठेवत होतो. मागून सिस्टर म्हणाल्या, "तो वाईट न्हाय, चौगुले. घाबरलाय. घाबरलेल्या मानसाला शिव्या देऊन काय हुतंय?" हायवेला लागल्यावर एकदम म्हणाल्या, "मी त्याला घरी जा म्हनलो. घर कुठं हाय त्याला? मी इच्यारलंबी न्हाय."

त्या दिवसापासून थर्मामीटर लावण्याआधीचा त्यांचा पहिला प्रश्न बदलला : "खोलीत कितीजण झोपताय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून दोन महिन्यांचं हजेरीपुस्तक मागून घेतलं. गैरहजर राहिलेल्यांना बोलावून कोण कुठल्या खोलीत राहतो ते विचारलं आणि तांबड्या पेन्सिलीनं खुणा केल्या. मी समोर बसून नावं वाचून दाखवत होतो. खुणा वाढल्या तसं मलाही दिसायला लागलं. आम्ही धरून चाललो होतो की ताप मोल्डिंगच्या लाइनवर एकाकडून दुसऱ्याला जातोय. तो लाइनवर फारसा गेलाच नव्हता. एका खोलीतले सगळे, मग दुसऱ्या खोलीतले सगळे, असा गेला होता. कोण मोल्डिंगला, कोण भट्टीवर, कोण पॅकिंगला, त्याचा काही संबंध नव्हता.

ते पुस्तक घेऊन सिस्टर मालकांकडं गेल्या. मला साक्षीला नेलं. मालक तसे भले, पण ऑर्डर लटकलेली, त्यामुळं वैतागलेले. सिस्टरनी पॅटर्न स्टोअर मागितलं. साच्यांसाठी लागणारे लाकडी नमुने ठेवायची ती जुनी मोठी खोली होती, चार खिडक्यांची. तिथं आठ खाटा टाकायच्या, ताप आलेल्या माणसाला पाच दिवस तिथं ठेवायचं, कॅन्टीनमधून जेवण द्यायचं.

"सिस्टर, ही फौंड्री आहे. धर्मशाळा नव्हे."

"धर्मशाळा कोन मागतंय? आठ खाटा मागतोय."

"आणि उद्या सगळेच ताप आला म्हणून येऊन झोपले तर?"

"थर्मामीटर माझ्याकडं हाय. खोटा ताप मला दावून बघा की कुणीतरी."

मालक पुस्तकावरच्या तांबड्या खुणा बघत राहिले. सिस्टरनी आणखी एक मागणी पुढं सरकवली. त्या पाच दिवसांची निम्मी हजेरी लागली पाहिजे, ठेकेदाराच्या माणसांनासुद्धा. "न्हायतर हितं खाट मोकळी ऱ्हाईल आन् त्यो तिकडं लाइनवर हुभा ऱ्हाईल, डोक्यावर पानी मारून."

मालकांनी एक महिना करून बघू म्हटलं. तो महिना पुढं बारा-तेरा वर्षं चालला.

हजेरीपुस्तकात हजर, गैरहजर आणि रजा एवढ्याच खुणा होत्या. ही नवी कुठली मांडायची? सिस्टर म्हणाल्या, "'ता' लिही." म्हणून मी 'ता' लिहायला लागलो. थोड्याच दिवसांत ती बोलीत रुळली. "परवापास्नं माझी ता चालू हाय," असं कामगार एकमेकांना सांगायचे. एका बहाद्दरानं सिस्टरची पाठ वळल्यावर थर्मामीटर चहात बुडवला. पारा पार वर जाऊन भिडला. सिस्टरनी तो उजेडाकडं धरून निवांत वाचला आणि म्हणाल्या, "एवढ्या तापाला मानूस जित्ता ऱ्हात न्हाय. तू मेलायस. जा, घरच्यांस्नी कळवून ये."

कोरोनात सगळीकडं गेटवर ती कपाळाला लावायची बंदूक आली. लोक नळाखाली डोकं भिजवून यायचे आणि बंदूक हिरवा दिवा दाखवायची. सिस्टर ओल्या केसांची माणसं बाजूला काढायच्या. लॉकडाऊन उठून फौंड्री चालू झाली तेव्हा पॅटर्न स्टोअरमधल्या आठ खाटांच्या अकरा झाल्या होत्या. दुसरी नर्स मिळत नव्हती. साठीला टेकलेल्या, मधुमेहाच्या सिस्टर एकट्या सगळं ओढत होत्या. मालक त्यांना घरी बसा म्हणाले होते. त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

दयानिधी तोवर लाइनचा मुकादम झाला होता आणि आमच्यापेक्षा रांगडं कोल्हापुरी बोलायला लागला होता. एका सकाळी तो सिस्टरकडं गोळ्या न्यायला आला. मी माझ्या खिडकीतून बघत होतो. सिस्टरनी गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि दोन पावलं मागं सरल्या.

"सिस्टर, आज हातात का दिनासा झालाय?"

"घे की गप."

"थर्मामीटर लावा."

"कुणाला?"

"तुमाला."

सिस्टर त्याच्यावर खेकसल्या. माझ्याकडं कामं पडलीत, अकरा माणसं आत झोपल्यात, तुला थट्टा सुचत्या व्हय. दयानिधी हलला नाही. शेवटी सिस्टर खुर्चीत बसल्या आणि त्यांनी थर्मामीटर लावला. वाचायला मात्र त्याच्याकडं दिला. त्यानं तो वाचला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. ताप आदल्या दुपारपासून होता. दमणूक असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

पंधरा दिवस त्या बाहेरच्या मोठ्या दवाखान्यात ॲडमिट होत्या. ताप सापडला त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ज्यांच्या जखमा बांधल्या होत्या त्यांतले दोघे आजारी पडले. एक लवकर सावरला. दुसरा खोत म्हणून फेटलिंगचा जुना कामगार, तो स्वतः बरा झाला, पण त्याच्या बायकोला ऑक्सिजन लावावा लागला. तीही घरी आली, बऱ्याच दिवसांनी. त्या दोघांना सिस्टरमुळंच झालं, असं कुणी खात्रीनं सांगू शकलं नसतं. तेव्हा ताप कुठूनही येत होता.

सिस्टर कामावर परत आल्या तेव्हा स्वेटर अंगावर लोंबत होता. पहिल्यांदा माझ्याकडं आल्या. "गेटवरल्या फळ्यावर लिहायचंय. तुझं अक्षर चांगलं हाय."

त्यांनी सांगितलं ते मी ऐकलं आणि खडू खाली ठेवला. म्हटलं, "सिस्टर, याची काय गरज? कुणी काही म्हणत नाही." मालकांनीही वरून फोन करून तेच सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "दहा वर्सं ह्या लोकास्नी मी चोर म्हनतोय. आता माझी पाळी आली तर फळा कोरा?"

मी लिहिलं. 'मला ताप होता. तो लपवून मी एक दिवस कामावर आले. माझी चूक झाली. माझ्यामुळं ज्यांना त्रास झाला असेल त्यांची माफी मागते. जैबुन मुल्लाणी, सिस्टर.'

शिफ्ट बदलताना दोन्हीकडचे लोक फळ्यापुढं थांबले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसऱ्यांनी वाचून दाखवलं. सिस्टर तिथंच, गेटच्या बाजूला उभ्या होत्या, सगळ्यांना दिसतील अशा. एकानं जाताना सलाम केल्यासारखा नुसता कपाळाला हात लावला. खोत आला, त्यानं वाचलं, आणि सिस्टरकडं न बघता आत गेला. तो त्यानंतर त्यांच्याशी कधीच बोलला नाही. जखम झाली तरी स्वतःच चिंधी बांधायचा. सिस्टरनी त्याची मनधरणी केली नाही. त्याच्या बायकोची चौकशी मात्र माझ्याकडून न चुकता करायच्या.

पण त्या आठवड्यात मी एक गोष्ट पाहिली. सिस्टर गेटवर उभ्या राहायच्या आधीच लोक त्यांच्या दारात उभे असायचे. "सिस्टर, मला काल रात्नं कसंसंच हुतंय." "सिस्टर, घरात पोराला ताप हाय, मी आत येऊ का नगो?" कुणी हाक मारली नव्हती, आपणहून आले होते.

सिस्टर निवृत्त झाल्या त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे. पॅटर्न स्टोअर पाडून तिथं नवी शेड झाली. हजेरी बोटाच्या ठशावर लागते आणि कॉम्प्युटरमध्ये 'ता'ला जागा नाही. थंडीत फ्लूची साथ येते तेव्हा मी शेऱ्याच्या रकान्यात ते अक्षर घालतो. वरून एकदा विचारणा झाली, हे काय म्हणून. मी टायपिंगची चूक म्हणून सांगितलं, आणि मग दिवसभर मला कसंतरीच वाटत राहिलं.

सिस्टर आता जयसिंगपूरला लेकीकडं असतात. फोनवर बोलणं होतं. समोरासमोर शेवटची भेट झाली ती गेल्या हिवाळ्यात, माझ्या मुलीच्या, सईच्या लग्नात. कार्यालय जयसिंगपुरातच होतं. सिस्टरना मी घरी जाऊन आमंत्रण दिलं होतं. सकाळपासून मी व्याही, आचारी, भटजी यांच्यात फिरत होतो. मुहूर्ताला अर्धा तास असताना कुणीतरी सांगितलं, रस्त्याच्या पलीकडं एक बाई तुम्हाला बोलवायलीय, आत या म्हटलं तर येईना झालीय.

बाहेर आलो. पलीकडच्या फुटपाथवर सिस्टर, ठेवणीतली साडी, तोंडाला मास्क. मी रस्ता ओलांडायला निघालो तसा त्यांनी पंजा वर केला.

"तितंच थांब! काल सांच्यापास्नं ताप हाय मला."

"मग आलात कशाला? झोपायचं की घरात."

"दोन गल्ल्या सोडून तर घर हाय. चालत आलो, चालत जातो. कुनाला शिवलो न्हाय." मधून एक ट्रॅक्टर गेला, तेवढं त्या थांबल्या. "पोरगी कशी दिसत्या?"

"छान दिसतेय."

"छान म्हंजे? शालू कुठला नेसवलाय?"

"तांबडा."

"तांबडा का डाळिंबी?"

मला सांगता येईना. सकाळपासून मी तिच्या आसपास वीसदा गेलो असेन, पण तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. रस्त्यावरचे लोक थांबून आमची ही ओरडाओरड ऐकत होते.

"जा, बघून ये!" सिस्टर ओरडल्या.

मी आत गेलो. सई खोलीत आरशापुढं बसली होती. "काय झालं बाबा?" तिनं विचारलं. काही नाही म्हटलं, आणि दारात उभा राहून तिला बघितलं. पायापासून मुंडावळ्यांपर्यंत, सावकाश. मग परत रस्त्यावर आलो.

"डाळिंबी!" मी ओरडलो. "काठ हिरवा. हातात कोपरापर्यंत चुडा. नथ टोचतेय म्हणून सारखी नाकाला हात लावतेय. मला बघून हसली, पण डोळे भरलेले आहेत."

सिस्टरनी डोळे मिटून घेतले होते. गर्दी, हॉर्न, कार्यालयातली सनई, सगळं मधून चाललं होतं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"बास," त्या म्हणाल्या. "दिसली मला."

आणि भिंतीच्या कडेकडेनं, लोकांपासून अंग राखत, त्या घराकडं चालायला लागल्या.